बोटीवर डबा न्यायचा का?

मुंबईहून गोव्याला बोटीने जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो जेवणाचा. "डबा किती वेळचा घ्यायचा?" हा प्रश्न काही वेडगळ नाही, बरं का! आपल्या सासू-सासऱ्यांच्या काळात, म्हणजे 1970 च्या सुमाराला, भाऊच्या धक्क्यावरून 'कोकण सेवक' सुटायची तेव्हा धावत जाऊन डेकवर सतरंजी पसरायची, जागा धरायची आणि रात्री गाठोडं सोडून दशम्या, लसणीची चटणी, कांदा असं जेवायचं, हीच रीत होती. शेजारच्या सतरंजीवरच्यांनाही चटणी द्यायची. बंदर आलं की पडावात उतरायचं.

आता बॅलार्ड पिअरहून जी मोठी पर्यटन-बोट निघते, तिथे डबाही नको आणि सतरंजीही नको. दोन-तीन रात्रींची सहल, दहा-अकरा मजले, लिफ्ट, नाटकगृह, पोहण्याचा तलाव. दोन वेळचं जेवण, सकाळची न्याहारी आणि दुपारचा चहा हे सगळं तिकिटात धरलेलं असतं. घरचं शिजवलेलं अन्न बोटीवर चढताना काढूनच घेतात. लाडू-चिवड्याचं कंपनीचं बंद पाकीट बहुतेक चालतं. इस्त्री, विजेची किटली, पाणी तापवायची कांडी, मेणबत्ती, उदबत्ती मात्र मुळीच चालत नाही. समुद्रात आगीसारखं दुसरं संकट नाही. तेव्हा देवाचा फोटो न्या, निरांजन घरी ठेवा.

पण डबा नाही म्हणजे काळजी मिटली असं नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई पहिल्यांदा आमच्याबरोबर बोटीवर आल्या, तेव्हा पहिला अख्खा दिवस त्यांनी चिवड्याचं पाकीट आणि दोन केळी एवढ्यावर काढला. मी शेजारच्या खुर्चीवर बसून कटलेट खात होते आणि मला पत्ता नाही! विचारलं तर म्हणाल्या, "पोट भरलंय गं." रात्री खोलीत हळूच म्हणाल्या, "तुझ्या बाटलीत घोटभर पाणी आहे का? इथल्या फ्रिजमधल्या बाटलीवर किंमत लिहिलीय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोलीतल्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या, चॉकलेटं, शेंगदाणे ठेवलेले होते आणि शेजारी त्यांच्या किमतीचं पत्रक. ते वाचून त्यांनी ठरवलं की इथे घास घासाला पैसे पडतात. मुलाने हौसेने तिकिटं काढून दिली होती. त्याच्या बिलात आपल्या खाण्याची आणखी भर नको, म्हणून बाई उपाशी राहिल्या. विचारायची लाज वाटली, आणि मीही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी हे नीट समजून घ्या. मुख्य जेवणघर आणि बुफे, म्हणजे जिथे आपण ताट घेऊन वाढून घेतो ती जागा, या दोन ठिकाणी कितीही वेळा खा, वेगळे पैसे नाहीत. तिथला साधा चहा, कॉफी आणि पाणीही बहुतेक बोटींवर तिकिटातच असतं. पाण्याची यंत्रं बुफेजवळ असतात, रिकामी बाटली तिथे भरून घ्यावी. पैसे पडतात ते खोलीतल्या फ्रिजमधल्या वस्तूंना, बारमधल्या प्रत्येक पेयाला, डब्यातल्या थंड पेयांना, फेसाळ कॉफीच्या खास दुकानाला आणि एखाद-दुसऱ्या 'स्पेशल' जेवणघराला. शंका आली तर ताट हातात घेण्यापूर्वी विचारावं, "हे तिकिटात आहे का?" दिवसभर तिथल्या मुलांना तोच प्रश्न येतो. त्यांना नवल वाटत नाही.

बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तीच खोलीची किल्ली, तीच ओळख आणि तेच पाकीट. मुलांच्या हाती हे कार्ड गेलं की ती तलावाकाठी शीतपेय मागवणार, वर मित्रांनाही पाजणार. आमच्या शेजारच्या खोलीतल्या कुटुंबात शेवटच्या सकाळी नवरा-बायकोचं चांगलंच वाजलं, ते तेवीस शीतपेयांवरून. मुलाच्या कार्डावर खरेदी बंद ठेवा, असं पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात सांगता येतं. मोबाइलवरून पैसे देऊ म्हणाल तर किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते. बोटीचं स्वतःचं जाळं फोनने आपोआप पकडलं तर बिल अवाच्या सवा येतं, म्हणून फोन विमानात ठेवतात तसा ठेवावा.

चढलात की सामान लगेच खोलीत येत नाही, दोन-तीन तास जातात. रोजच्या गोळ्या, चष्मा, मुलांचा एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत असू द्या. एवढ्यात भोंगा वाजेल, सात वेळा आखूड आणि एकदा लांब. घाबरू नका, ही संकटाच्या वेळची तालीम. कुठे जमायचं, प्राणरक्षक जाकीट कसं बांधायचं ते दाखवतात. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' बुडाली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीमच झालेली नव्हती. तेव्हापासून नियम कडक झाला. तुम्ही भज्यांच्या रांगेत असलात तरी प्लेट ठेवून जायचं.

आता बुफे. इथे आपण भगिनी थोड्या गडबडतो, हे कबूल करायला हवं. घरी आपण सगळ्यांना वाढून शेवटी बसणाऱ्या. समोर तीसएक पदार्थ मांडलेले दिसले की एक तर नवऱ्याचं ताट भरायला धावतो, नाहीतर "पैसे भरलेत ना!" म्हणून स्वतःच्या ताटात डोंगर रचतो. दोन्हीची गरज नसते. आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारून काय काय आहे ते पाहा. मग दोन-तीन पदार्थ चमचा-चमचा घ्या. आवडलं तर पुन्हा जा. इथे पदार्थ संपत नाहीत, मागून भरलेलं भांडं येतच असतं. पनीर, गुलाबजाम, नूडल्स आणि केक एकाच ताटात एकमेकांच्या रसात पोहताना मी इतक्या वेळा पाहिलेत की काय सांगू! आणि त्यातलं निम्मं उष्टं तसंच जातं. घरी कपभर उरलेल्या आमटीचे थालीपीठ लावणाऱ्या बायका आपण, बोटीवर आपल्याला काय होतं कोण जाणे. पर्समध्ये पुऱ्या आणि मफिन घालणंही शोभत नाही. रात्री भूक लागली तर खायला काही ना काही मिळतंच.

रांग मोडू नये, ज्या पदार्थाचा डाव त्यातच ठेवावा, भजं बोटांनी उचलू नये, चिमटा असतो. आणि दाराशी हात धुवायची सोय असेल तर साबणाने खरोखरच धुवा. एवढी माणसं एका छपराखाली, एकाच डावाला हात लावणारी. एकाला उलट्या-जुलाबाचा संसर्ग झाला की दोन दिवसांत शेकड्यांना होऊ शकतो. नोरोव्हायरस नावाचा जो विषाणू बोटींवर त्रास देतो, त्याला हातावर चोळायचं जेल पुरेसं पडत नाही, साबण-पाणीच लागतं. मुलांना तर स्वतः नेऊन धुवायला लावा.

शाकाहारी मंडळींनी तिकीट काढतानाच तसं नोंदवावं. आपल्याकडच्या बोटींवर शाकाहारी आणि जैन जेवण सहज मिळतं. सिंगापूर किंवा युरोपातल्या बोटींवर मात्र जरा डोळे उघडे ठेवायला हवेत. भाजीचं सूप म्हणतात, पण कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं. जेलीत जिलेटिन असतं, केकमध्ये अंडं असतंच. "मी मांस, मासे, अंडी खात नाही," असं तिन्ही शब्द उच्चारून सांगा. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर मासा चालतो असं समजणारे स्वयंपाकीही असतात. चतुर्थी असेल तर आदल्या रात्री वाढप्याला सांगून ठेवा. फळं, दही, उकडलेले बटाटे मिळायला अडचण पडत नाही. साबुदाण्याची खिचडी मिळेलच, अशी आशा धरू नका.

रात्रीचं जेवण बसून घ्यायचं असेल तर थोडं नीटनेटकं जावं. साडी उत्तम, पंजाबी ड्रेस उत्तम. पुरुषांना अर्धी चड्डी आणि रबरी सपाता घालून बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत, हे 'ह्यांना' आधीच सांगा. आणि एक नाजूक गोष्ट: गाऊनवर ओढणी टाकून वाण्याकडे जायची सवय बोटीवर नको! खोलीबाहेर पडलं की ती हॉटेलची वाट आहे, आपली गॅलरी नव्हे.

टेबलावर काटे-चमच्यांची रांग दिसली तर बाहेरच्या बाजूपासून एकेक उचलत आत जायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. हातरुमाल मांडीवर. पोळी-भाजी आली तर खुशाल हाताने खा, लाजण्यासारखं त्यात काही नाही. पदार्थ आवडला नाही तर बदलून मागता येतो. मोठ्या टेबलावर अनोळखी मंडळी असतील तर 'नमस्कार' म्हणून नाव सांगावं. बोटीवरच्या ओळखी याच टेबलावर होतात. दारू अर्थातच विकत असते. शेजारच्यांनी आग्रह केला तर हसून "मी घेत नाही, लिंबूसरबत चालेल" म्हणावं. कारणं सांगत बसू नये आणि त्यांच्या ग्लासाकडे टक लावून पाहूही नये. रोजच्या पेयांचं एकत्र पॅकेज घेण्याआधी हिशोब मांडा. एक-दोन ग्लासच लागणार असतील तर ते सुटेच स्वस्त पडतात.

बोट लागेल का, ही धास्ती बहुतेकींना असते. पावसाळा सोडला तर आपला समुद्र बराच शांत असतो आणि मोठी बोट फारशी हलत नाही. तरी प्रवासात मळमळणाऱ्यांनी मधली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तिथे हेलकावे कमी. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. रिकामं पोट ठेवलं तर जास्त मळमळतं. कोरडी बिस्किटं, आल्याची वडी, थोडा थोडा भात खावा आणि डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे पाहावं.

डेकवरच्या खुर्चीवर टॉवेल टाकून तासन् तास जागा धरू नका. सतरंजीची ती जुनी खोड अजून आपल्या रक्तात आहे! आणि समुद्राला नारळ वाहण्याचा मोह आवरा. बोटीवरून काहीही पाण्यात टाकायला मनाई असते. प्लॅस्टिक समुद्रात टाकायला तर 1988 च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी आहे. नुसते हात जोडले तरी चालतील.

शेवटच्या रात्री सामान खोलीबाहेर ठेवायला सांगतात. उद्याचे कपडे आणि चपला आत राहिल्यात का ते पाहूनच पेटी बाहेर ढकला. एका बाईंना मी नवऱ्याच्या बुटांत उतरताना पाहिलंय. त्याच रात्री बिल तपासून घ्या, सकाळी तिथे ही गर्दी असते. बऱ्याच बोटींवर दर माणशी, दर दिवशी सेवेची रक्कम आधीच धरलेली असते, तेव्हा ती पाहूनच वेगळी बक्षिसी द्यायची की नाही ते ठरवा. खोली आवरणारी, वाढणारी ही मुलं महिनोन् महिने घराबाहेर असतात. त्यांना नावाने हाक मारली तरी त्यांचा चेहरा खुलतो.

आमच्या जाऊबाईंचं सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना हाताला धरून न्याहारीला नेलं. त्यांनी आधी फेरी मारली, इडली घेतली, मग घावन, मग पपई. तीनदा उठल्या. चौथ्यांदा कॉफीचा कप घेऊन खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, आज सकाळपासून मी कुणाला काही वाढलंच नाही." बाहेर मुरगावचं बंदर दिसायला लागलं होतं. त्यांनी आणखी एक कॉफी मागवली.