पत्ता बदललाय!

माझ्या गावाला नावं तरी किती! बोलताना आम्ही वसमत म्हणतो. रेल्वेने आलात तर स्टेशन बसमत. साखर कारखान्याच्या पत्त्यात बसमतनगर. इंग्रजीत सुरुवात ‘बी’ने करायची, ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने, यावर घरोघरी वेगळं मत. माझ्याच कॉन्व्हेंटच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आहे आणि आधार कार्डावर दुसरं. त्यात १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि आमचा तालुका हिंगोलीत गेला. आजोबांच्या जुन्या कागदांवर अजून ‘जि. परभणी’च आहे. गाव मात्र जागचं हललेलं नाही.

तरीही पत्र पोचतं. एक तर खाली ४३१५१२ हा पिन कोड असतो, आणि दुसरं म्हणजे पोस्टमन काकांना सगळी नावं पाठ असतात. ते माणूस आहेत, समजून घेतात. ब्राउझर समजून घेत नाही. हे मला या वर्षी आमच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाने शिकवलं.

मेसच्या दाराशी भिंतीवर जो स्क्रीन आहे, तो सगळ्यांना माहीत आहेच. आजची भाजी, पाण्याची वेळ, फॉर्मच्या तारखा, सगळं त्यावर. २०१५ मध्ये तेव्हाच्या सीनियर्सनी तो बनवला. त्याला जोडलेला कॉम्प्युटर इंटरनेटवर नव्हता, त्यामुळे त्यातला क्रोमही तेव्हाचाच राहिला आणि बोर्ड वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. या वर्षी तो कॉम्प्युटर गेला. नवा आला, नवा क्रोम आला आणि स्क्रीन कोरा! रेक्टर मॅडमनी आम्हा चौघींना बोलावलं. “तुम्ही कॉम्प्युटरच्या ना? मग बघा बरं जरा.”

आता थोडी तांत्रिक गोष्ट. मेकॅनिकलवाल्यांनो, पान उलटू नका, सोपी आहे! वेब पेजचे रंग, अक्षरं, जागा हे सगळं सीएसएस ठरवतं. त्यातला प्रत्येक नियम म्हणजे एक पत्ता आणि एक निरोप. “नोटिशीच्या चौकटीतलं शीर्षक” हा पत्ता, “लाल हो” हा निरोप. पत्त्याला म्हणायचं सिलेक्टर.

वेब कंपोनंट म्हणजे भिंत घातलेला वाडा. आत खोल्या कशा मांडल्यात ते बाहेरून दिसत नाही. या भिंतीचं नाव शॅडो डॉम. बाहेर लिहिलेला पत्ता भिंतीपाशीच थांबतो, म्हणून आतलं शीर्षक बाहेरून रंगवता येत नाही. मात्र काही गोष्टी भिंत मानत नाहीत. आमच्याकडे हळद शिजायला लागली की वास कुणाला विचारून घरात शिरतो का? तसा अक्षरांचा रंग आणि फाँट वारशाने आत जातो.

सुरुवातीला भिंत ओलांडायची सोय होती. २०१४ च्या सुरुवातीला ‘हॅट’ आणि ‘कॅट’ नावाची टोपीसारखी चिन्हं होती. मे २०१४ मध्ये क्रोम ३५ आला तोवर त्यांच्या जागी ‘::शॅडो’ आणि ‘/डीप/’ आले होते. डीप लिहिलं की कितीही भिंती असोत, थेट माजघरात! आमच्या सीनियर्सनी बोर्डाचे सगळे रंग याच दोन शब्दांवर उभे केले होते. तेव्हा तीच पद्धत होती.

पण कुणीही येऊन आतल्या भिंती रंगवू लागला तर वाड्याला भिंत कशाला? शिवाय मालकाने आतली एक खोली हलवली की बाहेरच्यांचे सगळे पत्ते खोटे ठरतात. म्हणून २०१५ मध्येच हे शब्द बाद होणार असं क्रोमने सांगून टाकलं, आणि डिसेंबर २०१७ च्या क्रोम ६३ मध्ये त्यांची भिंत भेदण्याची ताकद काढून घेतली. दरम्यान २०१६ मध्ये शॅडो डॉमची नवी आवृत्ती आली. वाडा बांधायची रीतच बदलली. जुनी रीत फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० ने पूर्ण बंद केली. आमचा स्क्रीन कोरा झाला तो यामुळे.

त्यात आमचं एकट्याचंच काही विशेष नाही म्हणा. ॲटम नावाचा एडिटर होता. त्याने २०१७ च्या सुरुवातीला शॅडो डॉम सोडला, तेव्हा जगभरच्या थीम लिहिणाऱ्यांना आपापले पत्ते पुन्हा लिहावे लागले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ॲटमच बंद झाला.

असो. आम्ही नव्या रीतीने वाडे बांधले. नोटिसा दिसू लागल्या, पण सगळ्या काळ्या-पांढऱ्या. मजा म्हणजे कुठे एकही एरर नाही! सीएसएसचा स्वभावच असा. पत्ता कळला नाही तर ब्राउझर आरडाओरडा करत नाही, मुकाट्याने नियम टाकून देतो. आणि स्वल्पविराम देऊन चार पत्ते एकत्र लिहिले असतील, त्यातला एक जरी अनोळखी निघाला, तर चारही रद्द. एका ‘::शॅडो’पायी शेजारचे चांगले नियमही गेले होते. एक पत्ता चुकला म्हणून पोस्टमनने अख्खी पिशवीच फेकून द्यावी, तसं!

दुसरा घोळ पाहुण्यांचा. वाड्यात बाहेरून जो मजकूर येऊन बसतो, त्याचा जुना पत्ता ‘::कंटेंट’. त्याने पाहुण्याच्या पिशवीतल्या वस्तूपर्यंत जाता यायचं. नवा पत्ता ‘::स्लॉटेड’. तो फक्त पाहुण्याला ओळखतो, पिशवीत हात घालत नाही. म्हणजे शब्द शोधून त्या जागी दुसरा टाकला की झालं, असं नाही. प्रत्येक नियम नव्याने विचार करून लिहायचा. आम्हाला नऊ रात्री लागल्या.

तोवर नोटिसा तरी दिसाव्यात म्हणून बोर्ड बिनरंगाचाच चालू ठेवायचं ठरलं. पूर्वी शेवटच्या तारखेची नोटीस लाल पट्टीत यायची. त्या आठवड्यात परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख मेन्यूच्या खाली, मेन्यूसारख्याच काळ्या अक्षरांत होती. फर्स्ट इयरच्या एकीने ती वाचली आणि पुढे गेली. “ताई, लाल नव्हतं ना, मला वाटलं रोजचंच काहीतरी असेल.” विलंब शुल्क भरण्यासाठी तिने घरी फोन केला, तेव्हा मी शेजारी उभी होते. वडिलांना ती तीन वेळा सांगत होती, “पप्पा, मी वाचलं होतं.” खरंच वाचलं होतं. सीएसएस म्हणजे नुसता मेकअप, असं आपल्या लॅबमध्ये सर्रास म्हणतात. त्या दिवसापासून मी ते ऐकून घेत नाही.

शेवटी मार्ग कोणता काढला? भिंत फोडायची नाही, मालकाने ठेवलेल्या दारातून जायचं. अशी दारं दोन आहेत. एक म्हणजे कस्टम प्रॉपर्टी. बाहेर “पट्टीचा रंग अमुक” असं एकदा नाव देऊन लिहायचं. ते हळदीच्या वासासारखं आत जातं आणि आतला नियम ते वापरतो. दुसरं ‘::पार्ट’. वाड्याचा मालक आतल्या एखाद्या भागाला स्वतः नाव देतो आणि जाहीर करतो की या नावाने हाक मारा. हे क्रोममध्ये २०१९ ला आलं, २०२० मध्ये फायरफॉक्स आणि सफारीतही. म्हणजे हा वाड्याचा पिन कोड! आतल्या खोल्या कितीही हलवा, पत्र पोचतं.

मग हेही उद्या बदलणार नाही कशावरून? हा प्रश्न मलाही पडला. बदल तर थांबलेला नाही. कंपोनंटची अवस्था सांगणारा, दोन आडव्या रेघांचा पत्ता क्रोममध्ये होता, त्याच्या जागी २०२४ मध्ये ‘:स्टेट()’ आला. पण दुसरीकडे बघा. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ यांच्यापुढे आधी एकच कोलन होता. नंतर नियमाने दोन केले, तरी एक कोलनवाला जुना पत्ता आजही प्रत्येक ब्राउझर मानतो. कारण नियम बदलेपर्यंत तो सगळ्या ब्राउझरांनी स्वीकारलेला होता आणि असंख्य पानं त्यावर उभी होती. डीप मात्र क्रोमबाहेर रुजलाच नाही. नवं-जुनं हा मुद्दा नाही. किती जणांनी मिळून मान्य केलंय, ते बघायचं. आता मी नवीन काही वापरताना आधी तेवढंच तपासते.

लाल पट्टी परत आली आहे. स्क्रीनच्या मागे एक कागद चिकटवलाय. कोणत्या भागाला काय नाव दिलं, कोणता रंग कुठे बदलायचा, सगळं मराठीत लिहिलंय. सीनियर्सवर माझा राग नाही. त्यांनी त्यांच्या काळचा बरोबर पत्ता लिहिला होता. फक्त तो त्यांच्याबरोबर गेला. ज्युनियर्सनो, तुमच्या वेळी आमचाही पत्ता बदलेल. तेव्हा खुशाल खोडा आणि नवा लिहा, पण त्या कागदावरही लिहा बरं का!