दोऱ्याने मोजलेला देश

रत्नागिरीच्या घरातला तो ॲटलास मुळात मोठ्या भावाचा. तिच्या वाट्याला आला तेव्हा पुठ्ठा निखळलेला होता. दक्षिण अमेरिकेच्या पानावर, ब्राझीलच्या डोक्याशी तीन लहान तुकडे होते. पहिल्याचं नाव भावाने 1966 मध्येच बदलून गयाना केलं होतं. मधला 'डच गियाना' 1975 च्या नोव्हेंबरात स्वतंत्र झाला. वडिलांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि नवं नाव तिला शाईने लिहायला लावलं. 'सुरिनाम' त्या तुकड्यात मावेना. शेवटचा 'म' फ्रेंच गियानात गेला.

पुढे ती भूगोलच शिकवू लागली. नकाशावरची नदी पट्टीने मोजता येत नाही. शिवणाचा दोरा ओला करायचा, वळणावळणांवरून बसवायचा, मग सरळ करून प्रमाणाला लावायचा. मुलांच्या कितीतरी तुकड्यांनी तिच्याकडून वाशिष्ठी अशी मोजली.

मुलगी नोकरीसाठी द हेगला गेली, तेव्हा तिथल्या बाजारात ही एका भाजीवालीपाशी थबकली. टोपलीत कारली, पाटीवर नाव 'सोप्रोपो'. भाजीवाली शेजारणीशी बोलत होती आणि ते हिला बरंचसं समजत होतं! ती भाषा सरनामी, भोजपुरी-अवधीतून सुरिनाममध्ये घडलेली. भाजीवालीचा जन्म पारामारिबोचा.

त्या रात्री तिने वाचायला घेतलं. सुरिनाममध्ये गुलामगिरी 1 जुलै 1863 ला संपली, पण मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबणं बंधनकारक होतं. ती मुदत 1873 मध्ये सरली. नेमक्या त्याच वर्षी 5 जूनला 'लल्ला रुख' हे जहाज कलकत्त्याहून सुमारे चारशे करारबद्ध मजूर घेऊन पारामारिबोला लागलं. एकांचे हात सुटले तेव्हा दुसऱ्यांचे आणले. 1916 पर्यंत असे 34 हजारांच्या आसपास लोक गेले. या दोन तारखा एकमेकींपासून तोडून त्या देशात जाऊ नये, असं तिला मनापासून वाटलं.

मग प्रवास आखायला वही निघाली. दक्षिण अमेरिकेतला हा सर्वांत लहान स्वतंत्र देश, महाराष्ट्राच्या जेमतेम निम्मा, वस्ती सहा लाखांच्या घरात. पंधरा दिवस पुष्कळ झाले, असं मुलीचं म्हणणं. पण नव्वद टक्क्यांहून अधिक भूमी जंगलाखाली आहे. मुख्य रस्ता किनाऱ्याच्या बाजूने जातो: पश्चिमेला निकेरीची भातखाचरं, पूर्वेला अल्बिना. दक्षिणेकडे आत्योनीला रस्ता संपतो. तिथून पुढे कोर्याल, म्हणजे लांबट लाकडी होडी, आणि सुरिनाम नदी. काठावर सारामाका लोकांची गावं. मळ्यांवरून जंगलात पळालेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांच्या पूर्वजांनी 1762 मध्ये, म्हणजे गुलामगिरी संपण्याच्या शंभर वर्षं आधी, डचांना तह करायला लावला. तिथे तिने चार मुक्काम धरले. मुलीने दोन सुचवले होते.

महिना कोणता, यावर जास्त वेळ गेला. ऑगस्टच्या मध्यापासून कोरडे दिवस, म्हणून बहुतेक प्रवासी तेव्हाच जातात. पण तेव्हा नदी उतरते, खडक उघडे पडतात, होडी अडते. शिवाय मारोवैने नदीच्या मुखाशी, गालिबीच्या वाळूत, प्रचंड लेदरबॅक कासविणी अंडी घालायला येतात त्या पावसाळ्यात. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे सरपटताना तिने गुडघ्यांवर बसून पाहिली होती. गालिबी सोडणं शक्यच नव्हतं. शेवटी मेअखेर ठरली. 5 जूनला पारामारिबोत, त्या पहिल्या मजुरांची आठवण म्हणून उभारलेल्या 'बाबा आणि माई' यांच्या पुतळ्यापाशी. 1 जुलैला मुक्तीच्या 'केती कोती' सणाला पुन्हा तिथेच. पंधराचे पस्तीस दिवस झाले.

"आई, सगळा पावसाळा आहे गं," मुलगी फोनवर म्हणाली.

"मी रत्नागिरीची आहे," ती म्हणाली आणि पुढची ओळ आखली.

वहीत रकाने चार: दिवस, ठिकाण, अंतर, वेळ. आत्योनीपर्यंत ते भरत गेले. पुढे तिने जुना ॲटलास उघडला, दोरा ओला केला आणि केसाएवढ्या निळ्या रेघेवर बसवून अंतर काढलं. वेळेच्या रकान्यात मात्र पेन्सिलीने लिहिलं, 'नदीला पाणी असेल तसं'.