पडद्यावरचा फुटबॉल आणि खरा घाम

वाचकहो, ऐन सुगीच्या गडबडीत हा माणूस फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर लिहायला कसा बसला, असे तुम्हाला वाटेल. पण हा खेळ आता शहरापुरता राहिलेला नाही. मोबाइल घरोघर आला आणि त्याच्या पाठोपाठ हा खेळही ओसरीवर येऊन बसला. पोरे त्यात रमतात आणि मोठी माणसे लांबून बघून कपाळाला आठ्या घालतात. बैल घेताना आपण आधी त्याचे दात बघतो. मग घरात आलेल्या खेळाचे दात का बघू नयेत?

आम्ही कोल्हापूरच्या बाजूचे. आमच्याकडे कुस्तीइतकेच फुटबॉलचे वेड आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशी आमच्या फुटबॉल संघांची नावे. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. दिवाळीच्या सुटीत भाचा खेळाचे यंत्र घेऊन आला, तेव्हा मी चार संध्याकाळी त्याच्या शेजारी बसलो. माझी आठवीतली पुतणीही असायची. जे कळले ते तुम्हाला सांगतो.

ईए स्पोर्ट्स या कंपनीने हा खेळ १९९३ साली ‘फिफा इंटरनॅशनल सॉकर’ या नावाने काढला. २०२३ पासून त्याचे नाव ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झाले. पहिला खेळ म्हणजे निव्वळ गंमत होती. त्यातल्या खेळाडूंची नावेही खोटी. पंच कार्ड दाखवायला आला तर खेळाडूला त्याच्यापुढे पळवत ठेवता यायचे! गोलकीपर चेंडू मारताना कुणी त्याच्यासमोर उभा राहिला, तर चेंडू त्याला आपटून गोलात जायचा. आमच्या पेठेत असा गोल कुणी मोजला असता, तर सामना तिथेच संपला असता.

पुढे दरसाल काही ना काही सुधारणा होत गेली. आधी खेळाडू आठच दिशांना वळायचा. २००९ साली आलेल्या आवृत्तीत तो चेंडू घेऊन कुठल्याही दिशेला वळू लागला. २०११ साली दोघांची टक्कर झाली की जोर आणि वेग बघून ते पडू लागले. २०१२ साली तर आणखी मजा झाली. तोवर चेंडू पायाला डिंक लावल्यासारखा चिकटायचा. आता जोरात आलेला चेंडू पायावरून उसळून लांब जाऊ लागला. म्हणजे बघा, खेळ खरा करायचा म्हणून त्यात चुका घालाव्या लागल्या. जो कधी चुकत नाही तो माणूस वाटत नाही, हे यंत्र बनवणाऱ्यांनाही उमगले.

मला सर्वांत पटली ती दमाची पट्टी. पडद्यावर खेळाडूच्या नावापाशी एक बारीक पट्टी असते. त्याला सारखे पळवले की ती उतरत जाते. मग शेवटच्या दहा मिनिटांत तो मागे पडतो आणि त्याच्या पायातून चेंडू निसटतो. भाचा पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना पळवायचा आणि शेवटी हरायचा. मी म्हणालो, “बाळा, सकाळीच बैल दामटले तर दुपारी औत कोण ओढणार?” दुसऱ्या दिवशी त्याने जपून खेळवले आणि सामना जिंकला. खेळातून पोर काहीच शिकत नाही, असे मी तरी म्हणणार नाही.

आता हा खरेपणा आला कुठून? २०२१ सालच्या आवृत्तीसाठी बावीस खेळाडूंना हालचाल टिपणारे कपडे चढवून मैदानावर खराखुरा सामना खेळायला लावला. त्यांचे धावणे, वळणे, अडखळणे सगळे संगणकाने टिपले आणि त्यावरून तो शिकला. २०२३ साली तर १८० हून अधिक खऱ्या सामन्यांतल्या हालचाली वापरल्या. पडद्यावरचे चित्र जितके खरे दिसते, तितका कुणीतरी खऱ्या मैदानावर घाम गाळलेला असतो. तो घाम यंत्राला काढता येत नाही, उसनाच घ्यावा लागतो.

मात्र याच खेळात एक भाग असा आहे की त्यात घाम नाही आणि फुटबॉलही नाही. तो नीट ऐका. २००९ सालापासून त्यात ‘अल्टिमेट टीम’ नावाचा प्रकार आहे. बंद पाकिटे फोडायची आणि त्यातून निघतील ते खेळाडू आपल्या संघात घ्यायचे. ही पाकिटे खेळून मिळवता येतात, तशी रोख पैशांनीही घेता येतात. आत मेस्सी निघेल की कुणी किरकोळ खेळाडू, हे फोडेपर्यंत कळत नाही. बेल्जियम देशाने २०१८ साली अशा पाकिटांना जुगार ठरवले आणि २०१९ च्या जानेवारीपासून कंपनीला तिथे त्यांसाठी पैसे घेणे थांबवावे लागले.

भाच्याने विचारले, “मामा, एकच पाकीट घेऊ का?” मी त्याला कोठीतली बियाण्याची रिकामी पिशवी दाखवली. तिच्यावर जात लिहिलेली असते आणि उगवणशक्तीची टक्केवारी छापलेली असते. आत काय निघेल ते नशिबावर, असे सांगून कुणी पिशवी विकू लागला, तर आपण घेऊ का? शिवाय पुढच्या साली नवी आवृत्ती आली की हे खेळाडू तिच्यात येत नाहीत. असे बियाणे काय कामाचे? पोराला ते पटले. तुमच्या घरीही मोबाइलवरून पैसे देण्याचा गुप्त आकडा मुलांच्या हाती ठेवू नका, पण तो का ठेवत नाही हे त्यांना समजावून सांगा.

आता पुतणीची गोष्ट. २०१५ साली या खेळात प्रथमच महिलांचे संघ आले, बारा देशांचे. त्यात भारत नव्हता. २०२३ पासून तर एकाच संघात बाई आणि पुरुष खेळवता येतात. पोरगी हे सगळे बघत होती. ती मला म्हणाली, “काका, ह्यात मुलींचे संघ आहेत, मग आमच्या शाळेत का नाही?”

यावर घरात दोन दिवस बोलणी झाली. आई म्हणाली, पोरीच्या जातीला लाथाळीचा खेळ कशाला? वहिनी एरवी गप्प असतात, पण त्या म्हणाल्या, “डोक्यावर उसाची मोळी चालते, मग पायात चेंडू का चालत नाही?” पुढे कुणी बोलले नाही. मी आणि माझा भाऊ शाळेत गेलो. हेडमास्तरांनी अकरा नावे आणा म्हणून सांगितले. आजवर सात झाली आहेत. भात काढलेल्या रानात त्या सात जणी रोज संध्याकाळी खेळतात. पहिल्या दिवशी अर्ध्या तासातच सगळ्यांची पट्टी उतरली! आता तासभर टिकतात.

तेव्हा मंडळी, पोरांच्या हातातला खेळ हिसकावून घेऊ नका. एकदा शेजारी बसा, पट्टी कशाने उतरते ते विचारा. मग चेंडू आणून द्या आणि त्यांची स्वतःची पट्टी किती टिकते ते रानात बघा. तुमच्या गावातल्या एखाद्या पोरीने मैदान मागितले, तर आधी तिचे नाव लिहून घ्या. नको म्हणायला माणसे पुष्कळ मिळतात, अकरा नावे जमवायलाच वेळ लागतो.