परक्या मातीतले सहा आठवडे

गेल्या वर्षी उपवासकाळात एके सायंकाळी मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभे राहिले. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत ते तीस वर्षे मोल्डरचे काम करीत आहेत. माणूस मितभाषी, स्वतःसाठी कधी काही मागितल्याचे आम्हांला स्मरत नाही. त्या दिवशी मात्र ते मागावयास आले होते.

"फादर, पोरीला तेवढं समजावून सांगा. तुमचं ऐकंल ती."

त्यांची धाकटी कन्या पुण्यास डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्राचे शिक्षण घेत होती. उन्हाळ्यात सहा आठवडे इटलीत एका प्राचीन रोमन वस्तीच्या उत्खननावर काम करण्याची संधी तिला मिळाली होती. राहणे-जेवणे त्यांचे, विमानभाडे मात्र आपले. घरावर स्लॅब टाकण्यासाठी या गृहस्थांनी पै-पै साठवून रक्कम बाजूला ठेवली होती. पत्र्याचे छप्पर दर पावसाळ्यात गळत होते. "पैसं घालून माती उकरायला परमुलखात जायचं? माती काय हितं नाही?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

प्रश्न सरळ होता, परंतु आम्ही त्यांस तत्काळ उत्तर दिले नाही. का दिले नाही, हे सांगितल्याविना पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, इतिहासाचा एक विद्यार्थी आमच्याकडे आला होता. जॉर्डनमधील एका उत्खननावर स्वयंसेवक म्हणून त्याला बोलावणे आले होते. वडील नव्हते, आई शिवणकाम करी. आम्ही त्याचे पत्रही नीट वाचले नाही. अशा गोष्टी सुखवस्तू घरच्या मुलांनी कराव्यात, तू आधी घराकडे पाहा, असे आम्ही त्याला ऐकविले. तो गेला नाही. पुढे बँकेत लागला, संसार केला, आईला सुखात ठेवले. दर नाताळास त्याचे शुभेच्छापत्र येते. त्याने कधी तक्रार केली नाही. एकदा मात्र सहज बोलून गेला, "फादर, तुम्ही म्हणालात म्हणून मी गेलो नाही." त्या शब्दांत राग नव्हता, आणि म्हणूनच ते आमच्या मनातून गेले नाहीत. धर्मगुरूचा शब्द लोक झेलतात. तो उच्चारण्यापूर्वी आपण किती पाहिले, किती ऐकले, याचा हिशेब मात्र त्याच्यापाशी कोणी मागत नाही.

तेव्हा आम्ही त्या गृहस्थांना एवढेच म्हणालो, "शनिवारी मुलगी पुण्याहून येईल ना? तिघेही टाऊन हॉलला जाऊ. मग बोलू."

कोल्हापूरच्या टाऊन हॉलची इमारत १८७० च्या दशकातील, गॉथिक धाटणीची. आतल्या वस्तुसंग्रहालयात काचेच्या कपाटात काशाची एक लहानशी मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. हा आमचा देव नव्हे आणि कोल्हापूरचाही नव्हे. हा पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे जे टेकाड आहे, तेथून तो १९४० च्या दशकाच्या मध्यास निघाला. त्याच्यासमवेत धातूच्या इतरही अनेक वस्तू मिळाल्या. त्यांपैकी काही रोमन बनावटीच्या आहेत.

आमचे मोल्डर कपाटापाशी गेले आणि तेथेच थांबले. ते वाकून, मान तिरकी करून, कितीतरी वेळ पाहत राहिले. देवाकडे नव्हे, ओतकामाकडे.

"फादर, हे मेणावरचं काम दिसतंय. खांदा बघा, पाठ बघा. चांगला हात आहे." मग मुलीकडे वळून, "कुणी ओतला हा? आपल्याकडचा का?"

"नाही, बाबा. समुद्रापलीकडून आला. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली."

"मग हितं आणला कुणी?"

वडिलांनी आपल्या अभ्यासाविषयी प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ, असे तिने आम्हांला मागाहून सांगितले. तेथेच उभी राहून ती त्यांना समजावू लागली. मोसमी वाऱ्यांवर येणारी गलबते, कल्याण आणि आपल्या वसईजवळचे सोपारे ही बंदरे, घाट चढून सातवाहनांच्या मुलखात येणारे व्यापारी, असे सारे तिने सांगितले. वडील ऐकत होते. शेवटी त्यांनी मूळ प्रश्न पुन्हा विचारला, "ते खरं. पण तो हितं घावला. तू तिकडं कशाला जायाचं?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही त्यांना संग्रहालयाबाहेरच्या बागेत बसविले आणि एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. ती येथे थोडक्यात देतो.

हसमुख धीरजलाल सांकळिया यांचा जन्म १९०८ साली मुंबईत झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात येशूसंघीय स्पॅनिश धर्मगुरू फादर हेन्री हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्राचीन नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. फादर हेरास १९२२ साली भारतात आले होते आणि १९२६ साली त्यांनी इतिहास संशोधनाची जी संस्था स्थापन केली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परदेशातून आलेला एक धर्मगुरू भारतीय तरुणांना त्यांच्याच देशाचा इतिहास शोधावयास शिकवीत होता. पुढे सांकळिया लंडन विद्यापीठात गेले. तेथे विद्यार्थी असताना इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील मेडन कॅसल या प्राचीन टेकडीवजा किल्ल्याच्या उत्खननात त्यांनी भाग घेतला. सर मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा यांनी १९३४ साली ते काम सुरू केले होते. आपल्याकडे उत्खननाचा हंगाम हिवाळ्याचा. तिकडे मात्र उन्हाळी सुट्टीचा. विद्यार्थी आणि हौशी स्वयंसेवक यांच्या बळावरच ते काम चाले.

व्हीलर यांची पद्धत अशी: टेकाड सरसकट खणावयाचे नाही. मोजून चौकोन आखावयाचे, दोन चौकोनांमध्ये मातीची भिंत राखावयाची. खणत खाली जावे तसे त्या भिंतीवर मातीचे थर एकाखाली एक दिसू लागतात. कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली, हे तेथल्या तेथे लिहून ठेवावयाचे. वस्तू कितीही सुंदर असो, तिचा थर हरवला की तिची साक्ष संपली.

ही शिकवण घेऊन सांकळिया परतले आणि १९३९ साली डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांनी ब्रह्मपुरीच्या टेकाडात आधी लक्ष घातले होते. १९४५-४६ साली सांकळिया आणि त्यांचे सहकारी डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे रीतसर उत्खनन केले. वरच्या थरांत बहामनी काळाचे अवशेष, खालच्या थरांत सातवाहन काळाचे, असा कोल्हापूरचा पूर्वेतिहास त्या टेकाडात वाचता आला. १९५२ साली त्याचा अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आज कोल्हापूरच्या दोन हजार वर्षांविषयी आपण जे खात्रीने बोलतो, त्याच्या मुळाशी डॉर्सेटच्या टेकडीवर घेतलेले धडेही आहेत.

मुलीने येथे भर घातली. १९४५ सालीच व्हीलर यांनी पाँडिचेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले. इटलीतील अरेत्सो गावच्या लाल, झिलईदार भांड्यांचे तुकडे तेथे मिळाले. त्या भांड्यांचा काळ युरोपात ठरलेला होता, म्हणून त्याच थरात मिळालेल्या आपल्या देशी खापरांचाही काळ ठरविता आला. उलट, भारतात ठिकठिकाणी जी खापरे रोमन मद्यकुंभांची म्हणून नोंदली गेली होती, त्यांपैकी बरीच इराणी आखात आणि मेसोपोटेमियाकडील, आतून डांबर लावलेल्या निमुळत्या रांजणांची आहेत, हे रोबर्टा टॉम्बर या संशोधक बाईंनी अलीकडे दाखवून दिले. "बाबा, तिकडचं खापर हातात घेऊन बघितलेलं असेल, तरच इकडं ते ओळखू येतं. पुस्तकातल्या चित्रावरून येत नाही."

मोल्डर काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाळूचंबी तसंच हाय. हातात घेतल्याबिगर कळत नाही."

स्लॅब एक वर्ष पुढे गेला. तो निर्णय त्यांचा त्यांनीच घेतला. आम्ही 'जा' म्हणालो नाही, 'जाऊ नको' असेही म्हणालो नाही.

मुलगी जूनच्या आरंभी गेली आणि जुलैच्या मध्यास परतली. पंचगंगेला पाणी चढले होते, घरात तीन ठिकाणी भांडी मांडलेली होती, आणि अशा स्थितीत तिने आम्हांला चहाला बोलावून तिकडची हकिकत सांगितली. पहाटे साडेपाचला कामाला लागावयाचे, ऊन तापले की थांबावयाचे. दुपारी खापरे धुवावयाची, संध्याकाळी प्रत्येक तुकड्यावर बारीक अक्षरात क्रमांक घालावयाचा. पहिले दहा दिवस तिने केवळ मातीचा ढकलगाडा ओढला. तळहाताला फोड आले. रविवारी जवळच्या खेडेगावातील चर्चमध्ये जाई. भाषा कळत नसे, पण मिस्सेत आपण कोठवर आलो आहोत ते चुकत नसे. एकदा शेजारच्या म्हातारीने शांतीचिन्ह देताना तिचा फोड आलेला हात पाहिला आणि तो आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. घरच्या आठवणीने रडू आले ते तेवढे एकदाच, असे ती म्हणाली.

"काय घावलं?" असे वडिलांनी विचारले. छपराच्या कौलांचे तुकडे, पुष्कळशी खापरे, लोखंडी खिळे. सोने नाही, मूर्ती नाही.

आणि एक चूक. चौथ्या आठवड्यात काचेच्या कुपीचा एक निळसर काठ मातीतून डोकावला. आनंदाच्या भरात तिने तो उचलला, आणि मगच तिच्या लक्षात आले की जागा मोजलेली नाही. देखरेख करणारे रागावले नाहीत. त्यांनी तिच्या हाती नोंदवही दिली आणि त्या तुकड्यापुढे, तिच्याच अक्षरात, 'नेमकी जागा अज्ञात' असे लिहावयास लावले. "फादर, तो सगळ्यांत सुंदर तुकडा होता, आणि त्याच्यापासून काहीच सांगता येणार नाही."

आम्ही चहाचा पेला खाली ठेवला. तिला ठाऊक नव्हते, परंतु ती आमचीच गोष्ट सांगत होती. वीस वर्षांपूर्वी एका मुलाची उमेद आम्हीही अशीच उचलून बाजूला ठेवली होती. ती कोणत्या थरातून वर आली आहे, तिच्याभोवती काय आहे, हे आम्ही पाहिलेच नव्हते. आमचा सल्ला कदाचित योग्यही ठरला असता. पण पाहिल्याविना दिलेला सल्ला योग्य होता की अयोग्य, हे आता कधीच कळणार नाही.

निघताना मोल्डरांनी एक गोष्ट दाखविली. मुलीने तिकडे वापरलेली थापी सोबत आणली होती. तिची एक कड झिजून तिरपी झाली होती. साच्याची वाळू सारखी करण्याची स्वतःची जुनी थापी त्यांनी फडताळातून काढली आणि शेजारी ठेवली. तिचीही तीच कड झिजलेली होती. ते काही बोलले नाहीत. मुलीने मात्र दोन्ही थाप्या पुसून एकाच फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

त्या रात्री आम्ही बँकेतल्या त्या मुलाला पत्र लिहिले. मुलगा कसला, तोही आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. तुझे पत्र त्या वेळी आम्ही नीट वाचले नव्हते, त्याची क्षमा कर, एवढेच लिहिले. उत्तर यावयास तीन आठवडे लागले. आईची प्रकृती, बदलीची बातमी, असे बरेच काही त्यात होते. अखेरीस दोन ओळी होत्या: क्षमेचे काही कारण नाही, पण धाकट्याला जुन्या नाण्यांचा नाद लागला आहे, त्याला घेऊन दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला येऊ का, टाऊन हॉल दाखवाल का?

दोघेही आले. पोसायडनच्या कपाटापुढे तो मुलगा वाकून उभा होता आणि मोल्डरांची कन्या त्याला गलबतांची गोष्ट सांगत होती. त्याचे वडील जरा मागे, आमच्या शेजारी उभे होते. त्यांचे लक्ष मूर्तीकडे नव्हते. ती मुलगी काय सांगते, तेच ते मन लावून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी तिला विचारले, "तिकडं पहाटे किती वाजता काम सुरू व्हायचं?"