बोळिंज ते कोळगाव : आपला जिल्हा कुठे बसतो?

विरार स्टेशनच्या पश्चिमेला उतरून आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्याला लागले की वाटेत बोळिंज लागते. हा सारा पट्टा केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांचा. शेजारच्या आगाशीची सुकेळी आजही नावाजलेली आहे. आता वाड्यांच्या कडेला उंच इमारती उभ्या आहेत, म्हाडाची मोठी वसाहत आहे, जुन्या चाळी आहेत. मुंबईत जागा परवडेना म्हणून इकडे आलेली कुटुंबे येथे राहतात. कुणाचे मूळ गाव कोकणात, कुणाचे मराठवाड्यात, कुणाचे खानदेशात. पहाटे विरार लोकल पकडायची आणि रात्री घरी यायचे, असा त्यांचा दिवस.

अशा कष्टकरी माणसाची सरकारशी गाठ पडते ती दाखल्याच्या निमित्ताने. मुलीचा कॉलेजप्रवेश, आईचे निराधार अनुदान, रेशनकार्डात सुनेचे नाव. त्यासाठी एक खाडा करावा लागतो आणि खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. तो दिवस चुकीच्या कचेरीत गेला तर "हे काम इथे होत नाही" एवढेच ऐकून परत यावे लागते. मी स्वतः कारकुनी करतो. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून हे रोज पाहतो. माणसे अडाणी असतात म्हणून फेरा पडत नाही, तर कोणते काम कोणत्या दारात होते हे त्यांना कुणी सांगितलेले नसते म्हणून पडतो. म्हणून आज आपण बोळिंजहून निघून आपल्या जिल्ह्याची दारे एकेक करून पाहू या.

पहिले दार घराजवळचे, महानगरपालिकेचे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. बोळिंज तिच्या हद्दीत येते. घरपट्टी, नळ, गटार, कचरा, दवाखाना, विवाह नोंदणी, जन्म-मृत्यूची नोंद ही कामे पालिकेची. त्यातली जन्माची नोंद हलक्यात घेऊ नका. ती २१ दिवसांत केली तर विनाशुल्क होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. बाळाचे नाव ठरायला वेळ लागत असेल तर लागू द्या, नोंद मात्र वेळेत करा. नाव मागाहून घालता येते.

दुसरे दार वसईचे, म्हणजे तालुक्याचे. येथे तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी बसतात. उपविभागीय अधिकाऱ्यांनाच आपण प्रांतसाहेब म्हणतो. हे महसूल खाते. जमीन आणि सातबारा हे त्याचे जुने काम, पण गरिबाला ते लागते दाखल्यांसाठी. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास दाखला, रेशनकार्ड आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज ही कामे तहसील कचेरीत होतात. या योजनेचे अनुदान २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाले. वस्तीतल्या किती विधवा भगिनींना ही योजना ठाऊक आहे, हे एकदा विचारून पाहावे.

आता जातीच्या दाखल्याकडे येऊ. आपल्या समाजातील कुटुंबांचे सर्वात जास्त फेरे येथेच होतात. उत्पन्नाचा दाखला तुम्ही आज जेथे राहता तेथला. जातीच्या दाखल्याला मात्र वेगळा प्रश्न विचारला जातो : १० ऑगस्ट १९५० रोजी तुमचे वाडवडील कोठे राहत होते? अनुसूचित जातींसाठी ही तारीख ठरलेली आहे. आजोबा त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात राहत असतील, तर नातू बोळिंजमध्ये जन्मला तरी त्याचा दाखला तिकडच्या प्रांताकडून मिळायचा आणि त्याची पडताळणीही तिकडच्या जिल्हा समितीकडे व्हायची. वसईच्या खिडकीवर कितीही वेळ उभे राहिले तरी हे काम होत नाही. त्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीची, म्हणजे कोतवाल बुकाची, नक्कल लागते. हे कागद दहावीचा निकाल लागल्यावर शोधायचे नसतात. मूल सहावी-सातवीत असतानाच उन्हाळी सुट्टीत गावी जाऊन ते काढून ठेवावेत. आणि धर्म बौद्ध लिहिला तर सवलत जाईल ही भीतीही सोडून द्यावी. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. हा हक्क लढून मिळालेला आहे, तो लपवण्याचे कारण नाही.

तिसरे दार जिल्ह्याचे. त्यासाठी विरारहून डहाणूकडे जाणारी लोकल धरावी. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, त्यापूर्वी हा प्रवास फार अडचणीचा होता. विरार सुटले की इमारती मागे पडतात. वैतरणेची खाडी, तिवरांची झाडी आणि मिठागरे मागे टाकत गाडी वैतरणा, सफाळे, केळवे रोड अशी स्टेशने घेत पालघरला पोचते. स्टेशनबाहेर रिक्षा मिळते. बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या नव्या इमारती आहेत. त्यांचे उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झाले.

हा जिल्हा नवा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली होती. देशातला तो सर्वात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता. मोखाडा-जव्हारच्या आदिवासी बांधवाला कलेक्टर कचेरी गाठायची तर थेट ठाणे. आजच्या पालघरमध्ये पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके आहेत. २०११ च्या मोजणीप्रमाणे या भागातील सुमारे ३० लाखांपैकी १३ लाखांहून अधिक माणसे एकट्या वसई तालुक्यात राहत होती.

कोळगावला गेल्यावर एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जिल्ह्यात दोन मोठी घरे आहेत. एक जिल्हाधिकाऱ्यांचे. ते राज्य शासनाचे आहे. महसूल, धान्यपुरवठा, निवडणूक, रोजगार हमी, भूसंपादन, आपत्ती निवारण या शाखा तेथे आहेत. दुसरे घर जिल्हा परिषदेचे. ते ग्रामीण जनतेने निवडून दिलेल्या सदस्यांसाठी उभारलेले. १९६१ च्या कायद्याने महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. शिक्षण, आरोग्य, कृषी, पशुसंवर्धन, बांधकाम, पाणीपुरवठा, महिला व बालकल्याण, समाजकल्याण हे विभाग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालतात. बोळिंजचा मतदार शहरात येतो, म्हणून जिल्हा परिषदेसाठी तो मत देत नाही. तरीही पालिका २००९ साली आल्यानंतर कित्येक वर्षे तिच्या हद्दीतल्या मराठी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदच चालवीत राहिली. शाळेचे छप्पर गळते म्हणून पालिकेत गेलेला पालक रिकाम्या हाताने का परतायचा, ते यावरून कळेल.

समाजकल्याण या नावाच्याही दोन कचेऱ्या आहेत. जिल्हा परिषदेचे समाजकल्याण अधिकारी शाळकरी मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि खेड्यातील वस्त्यांची कामे पाहतात. शासनाचे सहायक आयुक्त, समाजकल्याण हे दहावीनंतरची शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृहे आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी असलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना पाहतात. मूल दहावी झाले की दार बदलते, एवढे लक्षात ठेवावे.

पोलिसांचेही तसेच आहे. पालघरला जिल्हा पोलीस अधीक्षक आहेत, पण १ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरार हे मीरा-भाईंदरसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालयात गेले. म्हणजे बोळिंजच्या तक्रारीचे वरचे अपील पालघरला नाही, तर आयुक्तांकडे करायचे. कोर्टाचे काम पडले तर वसईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो.

दार सापडले तरी काम होईलच असे नाही, हे मी कारकून असूनच सांगतो. म्हणून एक सवय लावून घ्या. अर्ज दिला की पोच घ्या. पोच म्हणजे आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का. तोंडी दिलेल्या अर्जाला कचेरीत जन्मच नसतो. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा झाला. कोणती सेवा किती दिवसांत, किती शुल्कात आणि कोणत्या अधिकाऱ्याने द्यायची, याचा फलक कचेरीत लावणे बंधनकारक आहे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. त्यावर दुसरे अपील, आणि शेवटी आयोग आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर मुदत मोजणार कोठून? शिवाय महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. खालच्या कचेरीत दाद न मिळालेले गाऱ्हाणे तेथे मांडता येते.

बोळिंजहून थोड्याच अंतरावर सोपारा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथला स्तूप उजेडात आणला. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. त्या लेखाचा विषय काय आहे? पूर्वीचे राजे मृगयेसाठी, करमणुकीसाठी फिरत. अशोकाने ते सोडून धम्मयात्रा सुरू केल्या. वृद्धांना भेटणे, त्यांना दान देणे आणि खेड्यापाड्यातल्या जनतेची जाऊन विचारपूस करणे हा त्या यात्रांचा हेतू. राज्याने प्रजेच्या दारी जावे, हे आपल्या या मातीत बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरले गेले होते. आज आपल्याला राज्याच्या दारी जावे लागते. मग निदान कोणते दार कोठे आहे, ते तरी प्रत्येक घराला माहीत हवे.

प्रत्येक वस्तीतल्या विहारात एक फळा असतो. त्यावर पालिका, वसई, पालघर असे तीन रकाने आखा. कोणते काम कोठे, कोणते कागद लागतात, मुदत किती, हे कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडून लिहून घ्या. दर रविवारी वंदना झाल्यावर कुणी तरी ते मोठ्याने वाचून दाखवावे. ज्यांना वाचता येत नाही त्या आयाबहिणींचा एक तरी खाडा त्यामुळे वाचेल.