बी.एन.पी.मधला 'ब्रेन' आला कुठून?

"डॉक्टर, धाप लागते म्हणून आईचं रक्त तपासलं, तर रिपोर्टवर ब्रेन लिहिलंय. मेंदूत काही निघालं का?" कराड, विटा, तासगावकडची माणसं सांगली-मिरजेत तपासणी करून येतात आणि हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र 'नाही' असं आहे.

1981 साली कॅनडात आडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात लघवी भरपूर झाली, आणि तिच्यातून मीठही. हृदय नुसता पंप नाही, ते ग्रंथीसारखं रसायनही सोडतं, हे त्यातून कळलं. 1988 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना तसंच रसायन डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नाव 'ब्रेन'. पुढे लक्षात आलं की माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतं. पण गावात टोपणनाव चिकटतं तसं हे नाव चिकटलं! हृदयावर ताण आला की हे रसायन वाढतं. वय आणि किडनीच्या आजारानेही वाढतं, लठ्ठ माणसात कमी दिसतं. त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरू नका.

तरी मेंदूचा संबंध अगदीच खोटा नाही. याच कुटुंबातलं तिसरं रसायन, सी प्रकारचं, मेंदूत सर्वांत जास्त असतं. मेंदूत चेतापेशींना सांभाळणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. आपण त्यांना तारकापेशी म्हणू. द्राक्षबागेत वेलाकडे सगळे बघतात, पाणी सोडणाऱ्याकडे कोणी बघत नाही. तारकापेशी म्हणजे तो पाणी सोडणारा. या रसायनांची कुलपं तिच्यावर असतात. किल्ली बसली की पेशीच्या आत सीजीएमपी नावाचा निरोप्या वाढतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ए प्रकारचं रसायन मेंदूत सोडल्यावर मेंदूची सूज कमी झालेली दिसली. माणसासाठी यातून औषध अजून आलेलं नाही, तेव्हा कुणी विकत असेल तर घेऊ नका.

पाणी आणि मिठाचा हा हिशेब बिघडला की काय होतं, ते मात्र मी वॉर्डात नेहमी बघतो. बीपी म्हणून घरच्यांनी आजोबांचं मीठ पार बंद केलेलं असतं, त्यात लघवीची गोळी, वर "भरपूर पाणी प्या" हा सल्ला. रक्तातलं सोडियम 135 ते 145 हवं, ते 115 वर येतं. आजोबा असंबद्ध बोलतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. खरं तर पाणी तारकापेशींत शिरून त्या फुगलेल्या असतात, आणि कवटी काही फुगत नाही.

दोनेक दिवसांत या पेशी आतले क्षार बाहेर टाकून सावरतात. अशा वेळी सलाईनने सोडियम भराभर चढवलं, तर पाणी उलटं बाहेर ओढलं जातं आणि मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून 24 तासांत ते साधारण 8 ते 10 अंकांपलीकडे आम्ही चढू देत नाही. "एक बाटली लावा आणि उद्या सोडा" असा आग्रह त्या वेळी धरू नका. बरळणं, झटका, अति गुंगी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि येताना चालू गोळ्यांची पिशवी बरोबर आणा.