मुदत

अज्ञानाला मुदत लावतां येते काय? लिली लेडबेटर या बाईंचा खटला वाचल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाहीं. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत, गुडइयरच्या टायरच्या कारखान्यांत, १९७९ पासून त्या नोकरीस होत्या. त्याच हुद्द्यावरील पुरुषांहून आपला पगार कमी आहे, हें त्यांना नोकरीच्या अखेरीस एका निनांवी चिठ्ठीनें कळलें. १९६४ चा नागरी हक्क कायदा त्यांच्या बाजूचा होता. फेडरल न्यायालयांत ज्यूरीनेंही त्यांच्या बाजूनेंच कौल दिला. परंतु २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, पगाराच्या निर्णयापासून १८० दिवसांत तक्रार व्हावयास हवी होती. जें ठाऊकच नाहीं, त्याची तक्रार माणसानें करावी कशी? न्यायमूर्ति गिन्सबर्ग यांनीं आपलें विरोधी मत न्यायासनावरून वाचून दाखविलें. २००९ सालीं कायदा सुधारला. अशा प्रत्येक पगाराबरोबर मुदत नव्यानें सुरू होऊं लागली. बाईंच्या पदरांत मात्र कांहींच पडलें नाहीं. तरीही त्या हरल्या, असें मला म्हणवत नाहीं. कुणाला पगार विचारूं नये, ही सभ्यता आपणही पाळतों. ती कोणाच्या पथ्यावर पडते, हें त्यांनीं दाखविलें.